मनीचा मृत्यू आणि अर्थाची भूक

‘कोसला’ शिकवायला घेतली की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो : पांडुरंग सांगवीकर शेवटी करतो तरी काय? पुण्यात शिकायला जातो, वडिलांचा पैसा उधळतो, हात हलवत गावी परततो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या नेमाड्यांच्या या कादंबरीवर ‘अस्तित्ववादी’ असा शिक्का मारून उत्तर देता येते, आणि परीक्षेपुरते ते चालतेही. परंतु तासिका तत्त्वावर पंधरा वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या अध्यापकाला आणि नेट-सेटच्या पलीकडचे काहीच न दिसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न एकट्या पांडुरंगाचा वाटत नाही.

मला कादंबरीचा गाभा मनीच्या मृत्यूत दिसतो. पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवी येऊन जाते. हल्ली वर्गात ‘देवी’ म्हणजे काय, हे आधी सांगावे लागते. माझ्या आईच्या दंडावर लशीचा वण आहे. त्याचे वर्णन करून मी सांगतो, की हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. गावोगाव हिंडून देवी काढणाऱ्यांना जगण्याचा अर्थ शोधायला वेगळी सवड काढावी लागली असेल, असे वाटत नाही. (आपल्या जुन्या बायकाही ‘अर्थ’ म्हणत नाहीत, ‘सार्थक’ म्हणतात, आणि ते झाले की नाही हे त्यांना नेमके ठाऊक असते.)

मनीला मात्र या विजयाचा उपयोग नाही. छळछावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकलने १९४६ साली असे मांडले, की अटळ दुःखाला आपण कसे सामोरे जातो, यातही माणसाला अर्थ सापडू शकतो. हा विचार मोठा आहे. पण तो सोसणाऱ्याच्या जाणतेपणावर उभा आहे. तापाने फणफणलेल्या अजाण पोरीने कोणती भूमिका घ्यायची? तिच्या वतीने दुसऱ्याने अर्थ लावणे मला जवळजवळ उद्धटपणाचे वाटते. पांडुरंग तो लावत नाही, म्हणून त्याचा शोक मला खरा वाटतो.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, सगळंच निरर्थक आहे, तर मग तो हे सांगत कशाला बसतो?” समीक्षेची पुस्तके पालथी घालूनही इतका नेमका प्रश्न मला सापडला नव्हता. ज्याला काहीच महत्त्वाचे वाटत नाही, तो गप्प राहील. पांडुरंग तर स्वतःचे नाव-वय सांगून आरंभ करतो आणि बारीकसारीक तपशीलही सोडत नाही. ऐकणारा कोणी असेल, हे त्याने गृहीतच धरले आहे. अर्थावरचा विश्वास उडाला तरी त्याची भूक उरते, एवढे तरी यातून दिसते. मी तिला तसे सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले नाही.

पुढच्या तासाला ती आपणहून म्हणाली, की तिच्या आजीची एक बहीण लहानपणी देवीनेच गेली होती. घरात तिचे नाव आजीखेरीज कोणालाच माहीत नव्हते. मुलीने ते विचारून ‘कोसला’च्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून आणले होते.