कळलावीचे तिसरे नाव

श्रावण-भाद्रपदात पांढरकवड्याहून टिपेश्वरकडे जाताना रानाच्या कडेला कळलावी फुललेली दिसते. पानाच्या टोकाचाच ताणा करून ती झुडपावर चढते. मागे वळलेल्या पाकळ्या आधी पिवळ्या असतात, मग लाल होत जातात. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नव्हे. कंद नांगरासारखा वाकलेला, म्हणून ती लांगलीही. आपला ‘नांगर’ त्याच ‘लांगल’चा वंशज.

व्युत्पत्ती शिकवताना हे मी वर्षानुवर्षे हौसेने सांगत आले. भांडण लावणारा तो कळलाव्या. ही वेल मात्र कळ लावते ती बाळंतपणाची. माझ्या जन्माच्या वेळी आजीने आईच्या कमरेला हेच मूळ बांधले होते, अशी पुस्तीही मी जोडत असे.

एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मॅडम, सोडलं केव्हा होतं?” मला प्रश्नच उमगला नाही. ती म्हणाली, “आमची आजी लेकरू झालं का लगेच सोडते. अन् पोटात तं कधीच देत नाही. बाई हातची जाते म्हणते.”

घरी आईला विचारले. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “लगेच सोडलं. आजीने मूळ पुरलं आणि हात राखेने घासून धुतले.” आईला सारे ठाऊक होते, मी कधी विचारलेच नव्हते.

बांधलेल्या मुळाने सुटका लवकर होते, याला वैद्यकीय आधार नाही. निषेधाला मात्र भक्कम आधार आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. गाउट या सांधेदुखीवर तेच द्रव्य डॉक्टर अत्यल्प मात्रेत देतात. मात्रा थोडी चुकली तरी ते पेशींचे विभाजन थांबवते. आधी उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंडे आणि अस्थिमज्जा निकामी होऊ लागतात. हमखास उतारा हाताशी नसतो. आयुर्वेदही तिची गणना उपविषांत करतो आणि शोधनाविना वापरत नाही.

तिचे आणखी एक संस्कृत नाव आहे : गर्भपातिनी. ते मला माहीत होते. वर्गात अप्रशस्त वाटेल म्हणून मी गाळत असे. लोकज्ञान म्हणून मी जे मिरवले, त्यातला आजीने जपलेला अर्धा भाग मीच वगळला होता.

आता तिन्ही नावे सांगते. आणि कळा सुरू झाल्या की दवाखान्यात जावे, हेही.