टिनावरचा पाऊस

डेथ मेटलच्या अल्बमांची परीक्षणे वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. वेग अफाट, आवाज भीषण, रचना गुंतागुंतीची, एवढे लिहिले की काम झाले असे लिहिणाऱ्याला वाटते. वरूडकडच्या माणसाला संत्र्याची पारख शिकवावी लागत नाही. साल पिवळीधमक असली तरी आतल्या फोडी सुक्या निघू शकतात, हे त्याला ठाऊक असते. टेक्निकल, ब्रूटल, प्रोग्रेसिव्ह ही या संगीतातली सालीची नावे. कठीणपणा आणि भीषणता तिथे गृहीतच आहे, म्हणून ती किती हे मोजून हाती काही लागत नाही. ती कशासाठी खर्ची पडली, हे सांगितले तर ते परीक्षण.

वेगाचेच घ्या. मिनिटाला २००च्या वर ठोके पडणारा ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचा जलद मारा, अखंड चालला, की कान त्याला टिनावरच्या पावसासारखा ऐकू लागतो. थोड्या वेळाने तो ऐकूच येत नाही. पाऊस एकदम थांबला की मग कळते, किती जोरात होता. न्यूयॉर्कच्या सफोकेशन या बँडने १९९१ सालच्या ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’मध्ये हे नेमके ओळखले. तिथली धावती, दाट वाजवणी अचानक संथ आणि जड होते आणि मागच्या वेगाला वजन येते. २००७ साली सुरू झालेला मुंबईचा गटस्लिट हा बँड याच ब्रूटल वाटेवरचा. त्यांचा २०१७चा ‘अँपुथिएटर’ किती क्रूर आहे, हा प्रश्न फुकटचा. पाऊस कुठे थांबतो आणि तिथेच का, हा प्रश्न कामाचा.

असे प्रश्न विचारायला मराठीत शब्द नाहीत, ही तक्रार खरी नाही. अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहीत. त्या काळापासून मराठी संगीतसमीक्षेने लय, लयकारी, तिहाई, सम यांवर बोलायची सवय लावून ठेवली आहे. यावर आक्षेप येईल, की ख्यालाची फूटपट्टी मेटलला लावणे अन्याय आहे. फूटपट्टी लावली तर अन्यायच. पण ही कानाची सवय आहे. नुसती तानबाजी आणि समेवर नेऊन सोडणारी तान यांतला फरक ज्याला कळतो, त्याला डेथ या बँडच्या ‘ह्यूमन’ (१९९१) मधले शॉन रायनर्टचे ड्रम नुसते जलद वाटणार नाहीत. उलट उदाहरणही आहे. क्वेबेकच्या गोरगट्स या बँडचा ‘ऑब्स्क्युरा’ (१९९८) कानाला टेकायला जागाच देत नाही. तिथे सम चुकली म्हणून गुण कापणे चूक. ती नाकारण्याचा हट्ट शेवटपर्यंत निभावला का, एवढेच पाहायचे.

दुसरा आक्षेप जुना आहे: शब्द कळत नाहीत आणि कळले तर किळस येते. पहिल्या भागाला तराणा पुरेसे उत्तर देतो. तिथे अर्थाची वाट कुणी पाहत नाही. दुसरा भाग गंभीर आहे. बीभत्स आणि भयानक यांना भरतमुनींनी रसांत जागा दिली, पण रस म्हटले की सगळे माफ होत नाही. बाईवरच्या अत्याचाराचे वर्णन केवळ प्रथा म्हणून येत असेल, तर परीक्षणाने ते रोखठोक लिहावे. विषय थोर असला म्हणूनही सूट नको. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७च्या ‘दशावतार’मध्ये दहा अवतारांवर दहा गाणी केली. कल्पनेचे कौतुक एका ओळीत संपते. नरसिंहाचे गाणे आणि बुद्धाचे गाणे नावे झाकून ऐकली तर वेगळी ओळखू येतात का, खरे परीक्षण तिथून सुरू होते.

राहिला शेवटचा सवाल: असे संगीत ऐकणारे आपल्याकडे किती, मग एवढी मेहनत कशाला? ऐकणारे थोडे आहेत म्हणूनच. ज्याच्या सोबतीला दुसरा ऐकणारा नाही, त्याला परीक्षण हीच सोबत. त्याला गुणांचा आकडा नको असतो. कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला टिनावरचा आवाज थांबला आणि त्या शांततेत काय ऐकू आले, एवढे कुणी नीट सांगितले तरी तो तिथे पुन्हा कान लावून बसेल.