आमच्या घरातला नास्तिक



दिवाळीला मुलगा होस्टेलवरून घरी आला. सकाळी मी मंदिरात निघाले तर म्हणाला, "आई, मी येत नाही. मी आता नास्तिक आहे. देवाने जग बनवलं, हे मला पटत नाही."

मला हसूच आलं. म्हटलं, "अरे, हे तर जिनसेनाचार्यांनी ९व्या शतकातच आदिपुराणात मांडलंय! जग अनादि आहे, त्याला कुणी कर्ता नाही. वेद प्रमाण मानत नाहीत म्हणून आपल्यालाही बौद्ध-चार्वाकांबरोबर नास्तिकांतच बसवलंय."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "मग तू रोज मंदिरात काय मागतेस?"

आता गप्प व्हायची पाळी माझी. त्याच्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी, त्याच्या ॲडमिशनच्या वेळी मी हात जोडून मागतच तर होते! तीर्थंकर वीतराग, ते काही देत नाहीत, कुणावर रागावत नाहीत. आपण वंदन करतो ते त्यांच्या गुणांना, ते गुण आपल्यात यावेत म्हणून. पाठशाळेत शिकलेलं हे सगळं संकटात विसरले होते.

आत्मा, पुनर्जन्म मात्र त्याला मान्य नाहीत. तिथे आमचं जमलं नाही. मीही ताणलं नाही. अनेकांत आधी घरात पाळायचा. संध्याकाळी मात्र तो सूर्यास्ताआधी माझ्याबरोबर जेवायला बसला. का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दर्शन घेतलं आणि काहीच मागितलं नाही. फार जड गेलं.

तुम्ही काय मागता?