मामांची चाळण

उज्जयिनीला जाऊन आलो म्हटले की लोक महाकाळाचे दर्शन झाले का, असे विचारतात. झाले. पण गेल्या सुटीतले माझे बरेचसे दिवस गेले ते मामांच्या क्रशरवर, धुळीत!

माळव्याचा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, आपल्या बेळगावच्या उत्तरेकडे लागतो त्याचाच सख्खा भाऊ. तो फोडून मामा खडी विकतात. तिकडे तिला गिट्टी म्हणतात. फोडताना उरणाऱ्या चुरीचा मात्र क्रशरमागे डोंगर झाला होता. त्यातून गिलाव्याची वाळू आणि रस्त्याच्या वरच्या थराची बारीक कच वेगळी निघाली, तर २०२८ च्या सिंहस्थाच्या कामांत खपेल, असा मामांचा हिशेब. म्हणून आजीच्या पाटल्या बँकेत ठेवून त्यांनी नवी चाळण आणली.

नेहमीची चाळण मिनिटाला आठशे-हजार लांब हिसके देते. खडीला ते पुरतात. पण बारीक चुरी त्या हिसक्यांनी जाळीवर नुसती उड्या मारत पुढे निघून जाते. ही नवी चाळण मिनिटाला तीन हजारांहून अधिक वेळा थरथरते, तीही अगदी थोडी. थरथर थेट जाळीलाच मिळते. भुकटी खाली बसते, भरड कण वर राहतात. मेमध्ये सारे झकास चालले.

मग वळीव आला. कालिदासाने मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला धाडले, त्याचे कौतुक आम्ही वर्गात पुष्कळ केले आहे, क्रशरवाल्याला विचारा! ओल्या भुकटीने जाळीची भोके लिंपली. जी खाली पडायची ती कचेला चिकटून वरूनच गेली. धूळ माखलेल्या खड्याला डांबर धरत नाही. दोन ट्रक परत आले. मामा त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी आजी रवा चाळत होती. तळहाताने चाळणीच्या कडेला बारीक, भरभर टिचक्या. मी पाहतच राहिलो.

"मामांची चाळण अशीच आहे, आजी."

"मग त्याला सांग, दमट रवा चाळत नाहीत. आणि एकदम ओतू नकोस म्हणावं, मूठ मूठ घाल."

मामा हसले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले. दुपारपर्यंत चुरीच्या ढिगावर ताडपत्री ताणली गेली आणि पट्ट्यावरून येणारा माल निम्म्यावर आणला. थर पातळ झाला, भुकटीला जाळीपर्यंत वाट मिळाली. ताडपत्रीखालची कोरडी चुरी आधी घेतली. काम निम्मे होऊ लागले, पण कच काळीभोर, स्वच्छ निघाली.

मी निघालो त्या दिवशी एक ट्रक गेला होता आणि परत आला नव्हता. पाटल्या अजून बँकेतच आहेत. आजी त्याविषयी बोलत नाही, फोनवर मात्र पहिला प्रश्न असतो, "पाऊस पडला का रे तिकडे?"