आसऱ्याचा अर्ज

तेलंगणा राज्य झाल्यावर २०१४ सालच्या नोव्हेंबरात नव्या सरकारने निराधारांच्या निवृत्तिवेतनाला ‘आसरा’ असे नाव दिले, तेव्हा इंद्रवेल्लीतील आम्हां मराठी घरांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. वृद्धांना व विधवांना दरमहा एक हजार आणि अपंगांना पंधराशे रुपये, अशी ती योजना. आमचा थोरला त्या वेळी पंचविशीत होता. बुद्धीची वाढ लहानपणीच खुंटलेली, देह मात्र धट्टाकट्टा. धाकट्या बहिणीने ‘दादा’ म्हटले म्हणून आम्हीही त्याला दादाच म्हणतो.

तोवर दुकानावर आणि थोड्याशा कापसावर निभत होते, त्यामुळे सरकारी मदतीचा विचार आम्ही केला नव्हता. २०१५ साली आम्हां उभयतांपैकी एकाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न उंबरठ्यावर येऊन बसला. असे मूल ज्यांच्या पदरी आहे त्यांना या प्रश्नाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

अन्यत्र असा बाप मुलाच्या नावे दोन एकर जमीन घेऊन ठेवतो. इंद्रवेल्लीत ते शक्य नाही. हा अनुसूचित प्रदेश आहे आणि १९७० चा ‘वन सेव्हंटी’ कायदा सांगतो, की येथे बिगर आदिवासीला जमीन विकत घेता येणार नाही, मग विकणारा कोणीही असो. वडिलोपार्जित तेवढी वारसाने येते. या कायद्यावर आपल्या मंडळींत पुष्कळ कुरकुर चालते. परंतु २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंड बांधवांवर याच गावी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांचा स्तूप येथे उभा आहे. तो येता-जाता पाहणाऱ्यांनी ही कुरकुर करू नये, असे आम्हांला वाटते. दादासाठी जमिनीचा मार्ग बंद होता, एवढेच खरे. म्हणून अर्ज.

अर्जातील पहिली अडचण नावाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. तेलुगू रीतीत ‘इंटि पेरू’, म्हणजे घराण्याचे नाव, आधी. शाळेच्या दाखल्यावर दादाचे नाव मराठी क्रमाने, रेशनकार्डावर तेलुगू क्रमाने, आणि आधारवर वडिलांचे नाव गळून गेलेले. एकाच मुलाची तीन माणसे झाली होती. ती पुन्हा एक करण्यात चार महिने गेले. ज्यांच्या घरी असा अर्ज व्हायचा असेल त्यांनी आधी हे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. बाकी सर्व त्यानंतर.

एका कार्यालयात, ते कोणते हे सांगण्यात अर्थ नाही, एका गृहस्थांनी कागद परत सरकवत विचारले, की तुम्ही महाराष्ट्राची माणसे, तिकडेच का मागत नाही? आमचे आजोबा निजामाच्या अमदानीत किनवटच्या बाजूने इकडे आले. किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आजोबांनी राज्य तर नाहीच, जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता. रेघ मागाहून त्यांच्या पाठीमागे ओढली गेली. हे सर्व आम्ही त्या गृहस्थांना सांगितले नाही. रहिवासाचा दाखला तेवढा पुन्हा पुढे केला. (केरामेरीच्या डोंगरातील त्या चौदा गावांचे आम्हांला कधीकधी हसू येते आणि कधीकधी हेवा वाटतो. तेलंगणा म्हणते ती आमची, महाराष्ट्र म्हणतो जिवती तालुक्याची. रेशनकार्डे दोन, मतदारयाद्या दोन, आणि योजनाही दोहोंकडच्या.)

यानंतर ‘मी-सेवा’ केंद्रातून ‘सदरम’ शिबिराची तारीख मिळाली. त्या काळी अपंगत्वाचे प्रमाणपत्र सदरम या संगणकीय व्यवस्थेतून मिळे. अलीकडे तिची जागा केंद्राच्या यूडीआयडी ओळखपत्राने घेतली आहे. प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के असावे लागतात. हात-पाय मोजता येतात, दृष्टी मोजता येते. बुद्धी कशी मोजावी? त्यासाठी बुद्धिमापनाबरोबर सामाजिक प्रगल्भतेची एक प्रश्नावली वापरतात. मूळची ती अमेरिकेतील व्हाइनलँडची. तिचे भारतीय रूप डॉ. मालिन यांनी आपल्या नागपुरात सिद्ध केले. तिच्यात एकूण ८९ बाबी आहेत, आणि विशेष असे, की प्रश्न मुलाला नव्हे, आईवडिलांना विचारतात.

स्वतःच्या हाताने जेवतो का? गुंड्या लावतो का? शेजारीपाजारी एकटा जातो का? पैसे देऊन किरकोळ वस्तू आणतो का?

वीस वर्षे आम्ही या प्रश्नांची उत्तरे उलट दिशेने देत आलो होतो. दादा लहान असताना आम्ही त्याला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत नेले होते. मुलाला काय येत नाही ते मोजत बसू नका, जे येते तेथून पुढे चला, हा तेथे मिळालेला धडा आम्ही घट्ट धरून ठेवला. पाहुण्यांपुढे, सोयऱ्यांपुढे, शाळेत, आमचे एकच पालुपद असे: येते त्याला, थोडा वेळ लागतो. आता मानसतज्ज्ञांच्या टेबलासमोर दादा आमच्यामध्ये बसलेला, आणि त्याच्यादेखत सांगायचे, की नाही, हे येत नाही. पाच रुपये देऊन काडेपेटी आणतो, पण परत किती मिळाले ते सांगता येत नाही. गुंड्या लावतो, एक घर चुकवून. एकटा जातो, परंतु घरी कोणी तरी पोहोचवावे लागते. प्रत्येक उत्तरातील ‘पण’नंतरचे तेवढे कागदावर उतरत होते. दादा शांतपणे ऐकत होता. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नानंतर तो स्वतःच मान हलवून आमच्या ‘नाही’ला दुजोरा देऊ लागला, आणि आम्हांला पुढचे उत्तर देणे अवघड झाले.

गुडीहत्नूरहून येणारी बस तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. दुकानात येणाऱ्या गोंड म्हातारीशी गोंडीत, लंबाड्याशी त्याच्या बोलीत, आमच्याशी मराठीत बोलतो. दहा-पंधरा शब्दच, पण भाषा कधी चुकत नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत कोण कोण भेटले ते त्याच्या वर्षभर लक्षात राहते. ८९ बाबींत यांना रकाना नव्हता. मानसतज्ज्ञ बाई समंजस होत्या. त्यांनी बसची गोष्ट ऐकून घेतली, हसल्या, आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

पंचाहत्तर टक्के. प्रमाणपत्रातील तेलुगू शब्द ‘बुद्धिमांद्यम्’. अग्निमांद्य आपल्या वैद्यकातले, ओव्याच्या अर्काने बरे होणारे. हे मांद्य त्याच कुळातले असूनही बरे न होणारे. शब्द कठोर नव्हता, परक्या भाषेतून आलेला असूनही ओळखीचा होता. त्यामुळेच तो अधिक लागला.

पैसे मिळू लागले. पोस्टात यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो आणि तो दादाचाच लागतो. पंधराशेचे २०१९ साली ३०१६ झाले, २०२३ साली ४०१६. सरकार बदलल्यावर योजनेला ‘चेयूत’, म्हणजे हाताचा आधार, असे नाव मिळाले. यातून त्याची फिट्सची औषधे भागतात आणि थोडे शिल्लक टाकतो. रकमेपेक्षा, यंत्रावर हिरवा दिवा लागला की दादा मागे वळून रांगेतील म्हाताऱ्यांकडे पाहतो, त्या पाहण्याला आमच्या लेखी अधिक किंमत आहे.

परंतु मूळ प्रश्न सुटलेला नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने आईवडीलदेखील अशा मुलाचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. आम्ही धाकटीचे नाव सुचवले आहे. ती लग्न होऊन किनवटला गेली, आजोबा निघाले होते त्याच तालुक्यात. आमच्यानंतर दादा तिच्याकडे राहायला गेला, की तो तेलंगणाचा रहिवासी उरणार नाही आणि येथील निवृत्तिवेतन थांबेल. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. ती पंधरा वर्षे तो कशावर काढील याचा हिशेब सध्या आम्ही तिघे, म्हणजे आम्ही दोघे आणि धाकटी, मांडत आहोत. जावईबापूंनी काही न विचारता होकार दिला. संमतीच्या कागदावर धाकटीने सही केली, पत्त्याच्या ओळीत ‘किनवट, जिल्हा नांदेड’ असे लिहिले, आणि क्षणभर थांबून खाली आपला इंद्रवेल्लीचा पत्ताही लिहिला. एवढी एकच ओळ असते, दोन पत्ते चालतील का, हे समितीच्या बैठकीत कळेल.