काडी

हलगीवाल्याच्या उजव्या हातातलं टिपरू साऱ्या गावाला ऐकू येतं. माझं काम मात्र डाव्या हातातल्या बारीक काडीवर चालत आलंय. टिपरू ताल धरतं, काडी मधल्या जागा भरते, आणि गाण्याच्या व्हिडिओत कट कुठं टाकायचा ते काडी सांगते, असं मी मानतो. टिपऱ्यावर कट टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांचं काम वाईट नसतं, पण बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळतो. काडीवरचा कट कळत नाही, नुसता पाय हलायला लागतो.

गेल्या वर्षी कान तपासले. आलेखाची रेष चार हजार हर्ट्झपाशी खाली खचलेली होती. मोठ्या आवाजात आयुष्य काढणाऱ्यांचा कान बहुतेक वेळा इथूनच जायला लागतो, असं डॉक्टर म्हणाले. जयंत्या, विसर्जनं, वराती, सगळीकडं डीजेच्या भिंतीसमोर कॅमेरा घेऊन उभा राहिलोय मी. काडीची कडकड बरीचशी याच पट्ट्यात असते. टिपरू अजून छातीत वाजतं. काडी पुसट झाली.

हलगीनं मला छळलंय ते त्याच्याही आधीपासून. गाणं आधी रेकॉर्ड झालेलं असतं, लोकेशनवर ते स्पीकरला लावायचं आणि हलगीवाल्यानं त्यावर नुसते हात चालवायचे. गायक ओठ हलवून निभावून नेतो. हलगीवाल्याला ते जमत नाही, जमूही नये. त्यानं खरं वाजवलं की स्पीकरवरचं गाणं बुडतं आणि मागची नाचणारी पोरं दुसऱ्या ओळीलाच ताल सोडतात. हळू वाजव म्हटलं की खांदा खोटं बोलायला लागतो. कातड्यामागं फडकं लावून पाहिलं. आवाज दबला, पण काडीची उसळीही गेली. न शेकलेली हलगी हातात दिली, तर ते ओल्या घोंगडीवर मारल्यासारखं दिसलं. शेकून ताणलेल्या कातड्यावर काडी आपसूक उडते, मनगट तिला फक्त परत बोलावतं. ती उडी क्लोजअपमध्ये दिसते, आणि नसली तर नाही तेही दिसतं. कानात इअरफोन घालून गाणं ऐकवलं, तरी वाजवणारा स्वतःच्या हलगीचंच ऐकतो आणि चार मात्रांत आपल्या तब्येतीनं पुढं निघून जातो.

त्यात स्लो मोशन. नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातले, जेऊरचे. ‘फँड्री’साठी त्यांनी केमचा सोमनाथ अवघडे निवडला, तो हलगी वाजवणारा पोरगा होता. ज्याच्या अंगात ताल आहे त्याला कॅमेऱ्यापुढं उभं राहायला शिकवावं लागत नाही, हे मला त्या सिनेमानं पटवलं. पण २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि पुढची काही वर्षं आमच्याकडं अल्बमसाठी येणारा प्रत्येक जण त्यातलं फक्त स्लो मोशन मागायचा. ऊस, विहीर, पळणारा पोरगा, सगळं स्लो. पन्नास फ्रेमवर शूट करायचं तर गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं. ओठ कसेबसे जुळतात, हलगीचा हात जुळत नाही. मग हलगीवाल्याला मागं, धुरात उभं करायचं. ज्याच्या जिवावर गाणं उभं आहे त्याला धुरात ढकलणं मला कधी सहन झालं नाही. आता त्या जागी ड्रोन आलाय. ड्रोनमधून गर्दी दिसते, हात दिसत नाही. ज्याला हात टिपता येत नाही तो वर जातो, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गावातल्या दोन-तीन जणांनी त्यावरून माझ्याशी बोलणं सोडलंय.

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आणखी एक भानगड असते, अंतराची. अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा नसते, सातही नंदीध्वज तिथं आलेले असतात, पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र असतो. कॅमेरा लांब गच्चीवर लावावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पंचवीस फ्रेमच्या हिशेबात चौदा मीटरला एक फ्रेम. गच्ची १४० मीटरवर असेल तर ठोका दहा फ्रेम उशिरा पोचतो. दारूकामाच्या रात्री आधी उजेड आणि मग बार हे लहान पोरालाही कळतं, पण हलगीच्या बाबतीत कुणी मोजत नाही. मी मोजतो. हलगीपाशी वेगळा रेकॉर्डर ठेवून नंतर जुळवतो, आणि एवढ्यावरही समाधान होत नाही म्हणून कट ठोक्यावर न टाकता काडी वर असताना, दोन फ्रेम आधी टाकतो.

आमच्या टोळीला हे वेड लागलं ते जलशांतून. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व चुकवायचा नाही. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव आम्ही गाण्याइतकाच तबलजीच्या बोटांसाठी बघतो. त्याच पुण्यात २०१० पासून एनएच सेव्हन वीकेंडर व्हायला लागला, तिथंही गेलो. अकलूजच्या लावणी स्पर्धेत नाचणारीच्या घुंगरांकडं लोक बघत, आमचे डोळे ढोलकीवाल्याच्या शाईवरच्या बोटांवर. आणि रात्री मुक्कामाच्या खोलीवर विचित्र व्हिडिओ. ओके गो या बँडचा ट्रेडमिलवरचा, २००६ चा, एका टेकमधला. मिशेल गोंद्रीचा ‘अराउंड द वर्ल्ड’, ज्यात नाचणाऱ्यांचा प्रत्येक घोळका एकेका वाद्याचा ठेका धरून फिरतो. आणि त्याचाच ‘स्टार गिटार’. आगगाडीच्या खिडकीतून जाणारे खांब, पूल, इमारती, सगळे गाण्याच्या तालावर येतात. गोंद्रीनं आधी टेबलावर संत्री, बूट आणि कॅसेटी मांडून ताल बसवला होता. ते कळल्यावर आम्ही कुर्डुवाडीची गाडी धरली. पाकणी, मोहोळ, माढा, खिडकीला कॅमेरा चिकटवून. खांब समान अंतरावर होते, पण गाडी कुठं एका वेगानं जाते? गोंद्रीनं चित्र संगणकावर तोडून तालात रचलं होतं. आम्हीही तोडलं. मोहोळच्या अलीकडचा एक पूल बरोबर काडीवर येतो. तेवढा तुकडा मी आजही भेटेल त्याला दाखवतो.

आता एडिटिंगला एक मुलगी असते. पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळं असेल, तिला आवाजांच्या थरातला एकच थर वेगळा काढता येतो. मार्कंडेयाच्या रथोत्सवाचं फुटेज लावलं होतं. मी पडद्यावरची आवाजाची नक्षी मोठी करून टोकं शोधत होतो. ती मागं उभी होती. म्हणाली, “काका, तिथं नाही. काडी आधी पडतीय.” मी नक्षी आणखी मोठी केली. एक फ्रेम आधी होती.

तेव्हापासून प्लेबॅकच बंद करावा असं तिचं म्हणणं आहे. हलगीवाल्याला खरं, भरपूर, त्याच्या मनासारखं वाजवू द्यायचं, ते तिथंच रेकॉर्ड करायचं, चित्र कापायचं आणि गाणं नंतर त्यावर बसवायचं. संगीतकार चिडतात. दोघांनी काम काढून घेतलं. पण जी गाणी अशी झाली त्यांत खांदा खोटं बोलत नाही. क्लोजअपमध्ये काडी कातड्यावरून उडते, थरथरते, आणि तिची सावली हलगीच्या कड्यावर पडते. हे मला इतकी वर्षं हवं होतं.

मी आता कॅमेऱ्यावर जास्त असतो. डोळे शाबूत आहेत. काडी वर गेलेली दिसते, तिथं मी हात उचलतो, आणि ती हेडफोन लावून बटण दाबते. हुतात्मा स्मृती मंदिरात आमचं एक गाणं दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “कट बघितला का, हा त्यांचाच.” तो कट तिचा होता. ती माझ्या शेजारीच बसली होती. मी मागं वळून त्याला सांगितलं नाही, कारण ते ऐकायला फार बरं वाटलं होतं, आणि तेच पुन्हा कानावर यावं म्हणून मी पुढचं सगळं गाणं कान मागं लावून बसलो.

टायटलमध्ये ‘संकलन’ या पाटीवर आता तिचं नाव आधी येतं. माझं नाव तिथून काढायला मात्र मी अजून तयार नाही.