सहाव्या मजल्यावरचे रातकिडे

डिसेंबर 2023. पुण्यातली थंडी, सहावा मजला, रात्रीचा एक. आणि रातकिडे ओरडत होते. मी उठून गॅलरीचं दार लावलं, आवाज तेवढाच. फ्रीज बंद केला, इन्व्हर्टरला कान लावला. मोरीतला नळ सोडला तेव्हा किडे गप्प झाले, नळ बंद केला की पुन्हा सुरू. शेवटी वैतागून डावा कान उशीत दाबला, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तेव्हा कळलं, रातकिडे बाहेर नाहीत.

दोन दिवसांपूर्वी एका रॉक कॉन्सर्टला गेले होते. शहराबाहेरचं मैदान, आम्ही तिघी मैत्रिणी. जादा पैसे मोजून पुढची तिकिटं काढलेली, त्यामुळे ते वसूल करायचे म्हणून थेट बॅरिकेडला टेकून उभ्या राहिलो. डाव्या हाताला स्पीकरची उतरंड माझ्या दुपटीहून उंच. बेस छातीत बसत होता, ओढणी अंगावर थरथरत होती, आणि मी खूश होते. चाळिशीतल्या बाईला अजून हे झेपतं, याचाच अर्धा आनंद. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा कानांवर कुणी गोधडी टाकल्यासारखं झालं होतं. रिक्षावाल्याचे नुसते ओठ हलताना दिसले. मैत्रीण म्हणाली, "अगं, मला नेहमी होतं. उद्या उतरेल."

आणि उतरलंही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसांचे आवाज परत आले. ऐकू यायला लागलं की आपल्याला वाटतं हिशेब मिटला. या समजुतीने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या स्पीकरनेही केलं नसेल, कारण ही समजूत मी वीस वर्षं बाळगून होते.

मी ताशा वाजवायचे. कॉलेजपासून पुढे दहा वर्षं, गणपतीच्या पथकात. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून आवाज उलटून अंगावर येतो, त्यात मागे चाळीस-पन्नास ढोल आणि ताशाची तर्री आपल्याच पोटाशी. अनंत चतुर्दशीला घरी आलं की आई काय बोलते ते कळायचं नाही. आम्ही त्याला 'कान बसणं' म्हणायचो. घसा बसतो तसे कान बसतात, दोन दिवसांत उठतात, असं ते शास्त्र. एखादीने कानात कापूस घातला तर, "काय गं, अत्तराचा फाया का?" असं विचारून तिला तो काढायलाच लावायचो. त्या चिडवणाऱ्यांत मी पुढे असे. (आणि कापसाचा उपयोगही जवळजवळ शून्यच, हे आता कळलं. कापूस आवाज अडवत नाही, फक्त मनाचं समाधान करतो.)

डॉक्टरांकडे गेले तीन आठवड्यांनी. कान-नाक-घशाच्या त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस काय करत होतात?" मोठ्या आवाजानंतर कान बधिर झाला आणि दीड-दोन दिवसांत पूर्ववत झाला नाही, किंवा आतला आवाज थांबला नाही, तर लगेच यायचं, सुरुवातीच्या काही दिवसांत निदान औषध देऊन बघता येतं. तीन आठवड्यांनी सांगायला फारसं काही उरत नाही. त्यांनी आजाराचं नाव लिहिलं टिनिटस. आपल्या आयुर्वेदात त्याला कर्णनाद म्हणतात. नाव इतकं सुंदर की आजार वाटू नये.

मग श्रवणचाचणी. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा 'टीं' ऐकू आला की बटण दाबायचं. मला माझे रातकिडेच ऐकू येत होते, त्यामुळे दोनदा उगाच बटण दाबलं. तपासणाऱ्या मुलीने कागद पुढे ठेवला. उजव्या कानाची रेघ बरी होती. डाव्या कानाची 3000 हर्ट्झपर्यंत सरळ चालत आली, 4000 ला विहिरीत उतरावी तशी खाली गेली आणि 8000 पाशी पुन्हा काठावर आली. "ही विहीर आवाजानेच खणलेली असते," ती म्हणाली, "वयाने जाते ती रेघ अशी परत वर येत नाही." आपल्या कानाची नळीच अशी आहे की तीनएक हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आपणहून वाढवून आत पाठवते. म्हणून मार बसतो तो त्याच्या जरा वरच्या पट्टीला. आतल्या शंखात प्रत्येक कानाला पंधरा हजारांच्या आसपास केशपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. कोंबडीला त्या मोडल्या तर पुन्हा उगवतात, माणसाला नाही. हे ऐकल्यापासून मी कोंबडीकडे जरा आदराने बघते.

4000 गेलं म्हणजे काय गेलं? मला वाटलं, काही नाही. सगळं तर ऐकू येतंय. मंडईत भाजीवालीने 'साठ' म्हटलं आणि मी 'आठ' ऐकून खुशीत दोन जुड्या मागितल्या, तेव्हा कळलं. 'स' त्याच वरच्या भागात राहतो. गर्दीत तो आधी गळतो. मावशींनी मात्र माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू ही बाई आजपर्यंत बाजारात आलेलीच नाही.

खरं लागलं ते घरी. बाबा रोज सकाळी तानपुरा लावतात. लहानपणापासून माझं काम ठरलेलं: घोडीवर तारेखालचा दोरा ते पुढेमागे सरकवायचे आणि मी सांगायचे, जवारी खुलली की नाही. खुलली की तारेतून एक झिणझिणता झोत वर उठतो. त्या सकाळी त्यांनी विचारलं, "आता?" मी डावा कान नेहमीसारखा भोपळ्याकडे केला. षड्ज होता, गोल होता, भरलेला होता. वरचा झोत नव्हता. मी उजवा कान वळवला तेव्हा तो होता. बाबा वाट बघत होते. मी म्हटलं, "खुलली." त्यांना काही सांगितलं नाही. अजूनही नाही.

यानंतर वर्षभर कॉन्सर्टचं नाव काढलं नाही. मग कोल्डप्ले आलं. जानेवारी 2025, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. माझ्या भाच्याने कुठून तरी दोन तिकिटं मिळवली. "आत्या, तू नाही आलीस तर आई मला पाठवणार नाही." सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातला पहिला मोठा कार्यक्रम, नाही कसं म्हणणार? आणि गंमत अशी की त्या बँडचा गायक क्रिस मार्टिन याला स्वतःला वर्षानुवर्षं टिनिटस आहे. तो हे उघड बोलतो आणि कान झाकून गातो. म्हटलं, ज्याचा कार्यक्रम त्यालाच कानाला बूच लावायची लाज वाटत नाही, तर मला कसली?

बुचांचं मात्र शिकावं लागतं. औषधाच्या दुकानात मिळतात ती फोमची, जोडी दहा-वीस रुपयांना. ती मऊ सळईसारखी बारीक वळायची, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बूच आत सारायचं आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचं. नुसतं दारात टेकवलं तर पाकिटावर लिहिलेल्या डेसिबलांतले निम्मेही पदरात पडत नाहीत. फोमचा दोष एकच: ते वरचे स्वर जास्त खातं, गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. त्यासाठी बारीक गाळणी बसवलेली बुचं मिळतात, सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणणारी. मी दोन-अडीच हजारांची एक जोडी घेतली. महाग वाटली, पण तिकिटाच्या मानाने काहीच नाही.

भाचा म्हणाला, "अशाने मजाच जाईल." अर्धं गाणं त्याने बुचांशिवाय ऐकलं, मग माझ्या धाकाने घातली. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून ओरडला, "आत्या, शब्द कळतायत!" तसंच होतं. फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो. थोडं खाली आणलं की गिटार वेगळी, गळा वेगळा ऐकू येतो. तोटा फक्त एक. बूच घातलं की स्वतःचं गाणं कवटीत घुमतं. आपण किती बेसूर गातोय हे त्याला पहिल्यांदाच कळलं आणि तो गायचा थांबला. शेजारच्यांना ते बरंच वाटलं असावं.

त्या कार्यक्रमाआधी ठाण्याच्या जिल्हा बालसंरक्षण कक्षाने लहान मुलांना कानाच्या संरक्षणाशिवाय आत आणू नये अशी सूचना काढली होती. लोकांनी चेष्टा केली. मला बरं वाटलं. आपल्याकडचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम शेजारच्यांची झोप सांभाळतात: रात्री दहानंतर बंद, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल. ते हवंच. पण कुंपणाच्या आत तिकीट काढून उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्याचंही माप सांगितलं: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, कान विसावायला शांत जागा असावी, बुचं मिळावीत. शांत जागा दिली नाही तर आपण करून घ्यायची. आता मी दर तीन-चार गाण्यांनी मागे, पाण्याच्या स्टॉलपाशी जाऊन येते.

गेल्या पावसाळ्यात जुन्या पथकाच्या सरावाला नदीपात्रात गेले होते. ताशांच्या रांगेत फोनवरचं मीटर 106 दाखवत होतं. फोनचं मीटर म्हणजे अंदाजच, पण अंदाजानेही घाम फुटला. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: 85 डेसिबल आठ तास चालतात आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं, 106 ला चारही नाहीत. पोरं तिथे रोज दोन तास वाजवतात. कानात नीट बसवलेलं बूच वीस डेसिबल खाली आणतं, आणि तेच दोन तास निर्धास्त होतात. एकीला विचारलं, कान बसतात का? ती हसून म्हणाली, "ताई, दोन दिवसांत उठतात."

या वर्षी सराव सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी मी फोमच्या शंभर जोड्या घेऊन जाणार आहे. पैसे मी भरलेत. अत्तराचा फाया म्हणून कुणी चिडवायला आलंच, तर त्याला माझा श्रवणचाचणीचा कागद दाखवीन. तो पर्समध्येच असतो.